स्वग्राम

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात 'स्वग्राम' नावाचा एक रकाना असतो. नोकरीत शिरताना, म्हणजे आपले गाव सुटणार आहे याची पुरती जाणीवही ज्या वयात नसते त्या वयात, तो भरून द्यावा लागतो. आणि पुढे रजा-प्रवासाची सवलत घेऊन कुटुंबासह घरी जायचे म्हटले की खजिना फक्त त्या रकान्यातले गाव ओळखतो. याविषयीचा नियम मोठा मार्मिक आहे. हे गाव बदलता येते. परंतु साऱ्या नोकरीत एकदाच, आणि तेही वरिष्ठांच्या मंजुरीने. नाव बदलायचे तर राजपत्रात चार ओळी छापून भागते, बिऱ्हाड बदलायचे तर नुसते कळवले तरी चालते. गावाला मात्र एकच संधी. ज्या कोणा कारकुनाने हा नियम लिहिला त्याला माणसाचे मन कळत होते, असे आम्हांला अनेकदा वाटले आहे. या पानांचे बहुतेक वाचक आमच्याच गोत्राचे, बदलीच्या हुकमावर संसार बांधणारे आणि सोडणारे, असल्यामुळे याची अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही.

हाच रकाना कर्नाटकात तोंडी विचारतात. नमस्कार-चमत्कार झाले की दुसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, 'निम्म ऊरु यावुदु?' तुमचे गाव कोणते? या 'ऊरु' शब्दाची ऐसपैस आम्हांला फार आवडते. दहा उंबऱ्यांची वाडी असो की कोटभर वस्तीचे महानगर, कानडी माणसाच्या लेखी दोन्ही ऊरुच. म्हैसूर आणि बंगळूर यांच्या शेपटाला जो 'ऊर' आहे तो हाच. नगर, शहर, खेडे, कसबा असले दर्जे लावण्याची त्याला घाई नसते. जिथून माणूस निघाला आणि जिथे त्याला परत जायचे आहे, तो त्याचा ऊरु. आम्ही उत्तर देतो, 'चाकण.' समोरच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मग 'पुणे' म्हणतो, आणि गाडी पुढे सरकते. खरे म्हणजे आमचे गाव चाकणही नव्हे. चाकणापासून अडीच कोसांवरचे, खेड तालुक्यातले. पण तेवढे खोल उतरण्याइतका वेळ परमुलखात कोणाला असतो?

केंद्र सरकारच्या एका खात्याने आम्हांला २०२१ च्या उत्तरार्धात बोम्मसंद्र्यास धाडले. नकाशात पाहिले तर हे बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, आनेकल तालुक्यात; आणखी पुढे गेले की अत्तिबेले लागते आणि त्यापलीकडे तमिळनाडू सुरू होतो. या भागात 'संद्रा' शेपटाची गावे पावलोपावली भेटतात. संद्रा म्हणजे समुद्र. नद्यांचे सुख नसलेल्या या पठारावर पूर्वजांनी ओढ्यांना बांध घालून तळी केली आणि त्या तळ्यांना समुद्र म्हटले. ज्या मुलखात समुद्र शंभर कोसांवर, तिथे गावोगावी समुद्र असावेत, ही आम्हांला केवळ बढाई वाटत नाही. पाण्याची किंमत कळलेल्या माणसांचा तो नम्रपणाच वाटतो. आज त्या समुद्रांचे काय झाले आहे ते सांगायला नको. शेजारच्या चंदापुरच्या तळ्याच्या दुर्दशेवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२२ साली राज्य शासनाला ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, एवढे म्हटले तरी पुरे.

हवा मात्र उत्तम. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंची, त्यामुळे वैशाखातही रात्री चादर लागते. पाऊस दोनदा येतो, एकदा आपला आणि एकदा मद्रासकडचा. पण हवेने गाव होत नाही. बोम्मसंद्र्यात उतरल्यावर पहिले दोन महिने आम्हांला गाव कुठे आहे तेच सापडेना. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे, तयार कपड्यांचे कारखाने. आणि मधल्या गल्ल्यांतून तीन-तीन, चार-चार मजल्यांच्या चाळी, ज्यांच्या एकेका खोलीत दिवसपाळीचे चौघे निघाले की रात्रपाळीचे चौघे येऊन त्याच चटयांवर पडतात. ओरिसाचे, बिहारचे, आसामचे, झारखंडचे, उत्तर कर्नाटकातल्या कोरड्या जिल्ह्यांतले. डॉ. देवी शेट्टी यांनी या शतकाच्या आरंभी उभारलेल्या हृदयरुग्णालयामुळे बंगालमधून आणि बांगलादेशातून रोगी येतात, म्हणून त्या बाजूच्या गल्लीत खाणावळींच्या आणि खोल्यांच्या पाट्या बंगालीत. रस्त्यावर सर्वांना जोडणारी भाषा म्हणजे एक प्रकारची हिंदी, जिला लिंग नाही, वचन नाही, आणि कोणाची हरकतही नाही. 'निम्म ऊरु यावुदु?' हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही, कारण कोणाचेच उत्तर 'हेच' असे नसते. निदान आमचा तसा समज होता, यजमान भेटेपर्यंत.

यजमान म्हणजे आमचे घरमालक. कानडीत घरच्या कर्त्या पुरुषाला यजमान म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणू लागलो. मराठीत हा शब्द बायका नवऱ्यासाठी वापरतात, याचा विसर पडल्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा माहेरी फोनवर 'यजमान भाडे मागायला आले होते' असे सांगून आपल्या मातोश्रींना घोर चिंतेत टाकले होते. असो. यजमान सत्तरीचे, काटक, पांढरे धोतर आणि खांद्यावर टॉवेल. घरात तेलुगू, बाहेर कानडी, आणि बाजारापुरती तमिळ. राज्याच्या सीमेवरच्या या तालुक्यात असे पुष्कळ. त्यांचे जुने कौलारू घर चार मजली इमारतीच्या पायाशी अजून उभे आहे, आणि त्याच्या ओट्यावर ते संध्याकाळी बसतात. तिथे आमची कानडीची शाळा भरली.

शाळा एकतर्फी नव्हती, हे आम्हांला महिन्याभराने कळले. आम्ही त्यांना एखादा कानडी शब्द विचारला की ते आम्हांला एखादा हिंदी शब्द विचारीत. 'पुढच्या महिन्यात' याला काय म्हणायचे? 'पाणी जपून वापरा' याला काय? खोल्यांतल्या भाडेकरूंशी बोलायचे तर हिंदीवाचून गत्यंतर नव्हते. आम्ही परमुलखात येऊन तिथली भाषा शिकत होतो यात नवल नव्हते, त्याचा आम्हांला पगार मिळत होता. पण हा माणूस जन्मल्यापासून एका ओट्यावरून हलला नव्हता, आणि पासष्टीनंतर त्याला स्वतःच्या अंगणात परकी भाषा शिकावी लागत होती. तो प्रवासाला गेला नव्हता. त्याचे गावच उठून कुठेतरी निघून गेले होते, आणि ओटा तेवढा मागे राहिला होता.

जमिनीच्या गोष्टी निघाल्या की मात्र आम्हांला दुभाषी लागत नसे. चाळीस गुंठ्यांचा एकर तिकडे तसाच इकडे. सर्वे नंबर तोच, हद्द तीच, खाते तेच, मोजणीला ते 'मोजिणी' म्हणतात, आणि आपल्या सातबाऱ्याच्या जागी त्यांच्याकडे 'पहाणी' आहे. तूप, अण्णा, अक्का हे शब्द दोन्ही घरांत एकसारखे वावरतात हे ठाऊक होतेच. पण महसुलाच्या दप्तराइतके मराठीचे आणि कानडीचे ऐक्य इतरत्र कुठे नसेल, असे आमचे मत झाले आहे. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेही 'होगि बर्तीनि', जाऊन येतो, असेच म्हणतात. एवढे साम्य असताना सीमेवरचा एक दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, हा विषय आम्ही ओट्यावर कधी काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही. शेजारधर्म म्हणून काही मौने पाळायची असतात.

इतिहासाचा विषय मात्र निघे, आणि तो काढण्यात आमचा थोडा स्वार्थ होता. चाकणच्या माणसाने बंगळुरात ताठ मानेने वावरावे असे एक कारण आहे. पुणे-सुप्याच्या जहागिरीबरोबर शिवनेरी आणि चाकण हे किल्ले मालोजीराजांकडे आल्याचे बखरी सांगतात. आणि १६३८ साली रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतल्यावर ते विजापूरकरांनी शहाजीराजांच्या हाती दिले. म्हणजे आमचा ऊरु आणि यजमानांचा ऊरु एके काळी एकाच घराण्याच्या दप्तरात होते. आम्ही शहाजीराजांकडे आमच्या धंद्यातला थोर पूर्वज म्हणून पाहतो. नोकरी दुसऱ्याची, मुलूख परका, कुटुंब दोन ठिकाणी. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ बंगळुरात राहून पुन्हा पुण्याला गेले. राजांची पुण्याला बदली कधी झालीच नाही. १६६४ साली होदिगेरे येथे ते गेले, आणि त्यांची समाधी अद्याप तिथेच, चन्नगिरी तालुक्यात आहे. पण परक्या मुलखात त्यांनी आपला दरबार कसा मांडला होता, ते पाहण्यासारखे आहे. त्या दरबारचा कवी जयराम पिंड्ये बारा भाषांत रचना करणारा. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. बंगळुरात मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे, तिथे एकोजीराजांचा १६६९ चा शिलालेखही आहे.

याच एकोजीराजांनी पुढे बंगळूर विकायला काढले. किंमत ठरली तीन लाख, गिऱ्हाईक म्हैसूरचे चिक्कदेवराज वडेयर. १६८७ साली हा सौदा चालू असतानाच मोगलांचा सरदार कासिमखान मध्ये शिरून शहर बळकावून बसला, आणि अखेर ते म्हैसूरकरांच्याच पदरात पडले. आम्ही ही कथा रंगवून सांगितली तेव्हा यजमान बराच वेळ हसले. मग त्यांनी विचारले, 'सार, तीन लाखांत आतल्या देवळांचे काय ठरले होते?' दस्तऐवजात असे काही असेल असे आमच्या कधी मनात आले नव्हते.

दरम्यान बोम्मसंद्र्याचा बंगळूरशी संबंधही बदलला. पूर्वी सिल्क बोर्डाच्या चौकात अडकून तास-दीड तास सहज जाई. यजमान 'बंगळूरला जायचे आहे' असे दोन दिवस आधी सांगत. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोडपासून १९ किलोमीटर, सोळा स्थानके, शेवटचे बोम्मसंद्रा. स्थानकाच्या नावापुढे एका कंपनीचे नाव लावलेले. गाडीला चालक नाही, आणि या मार्गिकेवरची पहिली गाडी चीनमध्ये तयार होऊन २०२४ च्या फेब्रुवारीत हेब्बगोडीच्या आगारात आली होती. नंतरच्या बंगालमध्ये झाल्या. यजमानांनी पहिल्या आठवड्यातच प्रवास केला आणि परत येऊन सांगितले की, गाडीत बसून खाली पाहिल्यावर त्यांना आपले गाव प्रथमच एका नजरेत दिसले, पण त्यात ओळखीचे फक्त तळे होते.

चीनचे नाव निघाले म्हणून एका मराठी माणसाची आठवण देतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. इतर चौघे यथाकाल परतले, हे राहिले. उत्तर चीनमधल्या हबेई प्रांतात, तांग तालुक्यातल्या गगोंग नावाच्या खेड्यात, युद्धाच्या आघाडीमागे त्यांनी रुग्णालय चालवले. चिनी शिकले, के दिहुआ हे नाव घेतले, तिथल्याच गवो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि मुलाचे नाव ठेवले इन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच खेड्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, १९४६ साली शांतारामबापूंनी चित्रपटही काढला. आम्हांला मात्र एका बारक्या गोष्टीचे कुतूहल आहे. सोलापूर हे मराठी, कानडी आणि तेलुगू यांच्या तिठ्यावरचे शहर. ज्याचे कान लहानपणी तीन भाषांच्या बाजारात तयार झाले, त्याला चौथी भाषा पोटात घेताना आमच्याइतके जड गेले नसावे. गगोंगमध्ये त्यांना कोणी 'तुमचे गाव कोणते' असे विचारले असेल, तर शेवटच्या वर्षी त्यांनी काय उत्तर दिले असेल?

आमच्या कन्येने हा प्रश्न आमच्यापुरता सोडवून टाकला आहे. ती दहा वर्षांची. शाळेत विचारले तेव्हा तिने बेधडक 'बोम्मसंद्रा' सांगितले. घरी सौभाग्यवतींनी तिला चाकणची आठवण दिली, तर म्हणाली, 'ते आजोबांचे गाव.' तिची आई खिन्न झाली, पण त्या खिन्नतेला फारसा आधार नव्हता. त्याच आठवड्यात तिने स्वतः भाद्रपद तृतीयेला यजमानीणबाईंबरोबर त्यांची गौर बसवली होती. इकडे गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपली त्याच्या मागून अनुराधा नक्षत्रावर. त्यामुळे आमच्या घरी दोन्ही येतात, आणि गणपती बिचारा दोन गौरींच्या मध्ये बसतो. पौषात अवरेच्या शेंगांचा हंगाम आला की खालून वाटी वर येते, वरून थालीपीठ खाली जाते. नाचणीचा तो वाफाळता उंडा, ज्याला मुद्दे म्हणतात, न चावता गिळायचा असतो, ही विद्या मात्र आम्हां दोघांनाही अजून साधलेली नाही.

मुद्द्याची गोष्ट गेल्या फाल्गुनात घडली. आमच्या थोरल्या बंधूंचा, दादांचा, फोन आला. गावाकडची वडिलोपार्जित दोन एकर जमीन एक गिऱ्हाईक गोदामासाठी मागत होते. सातबाऱ्यावर दादांबरोबर आमचेही नाव. दादांनी खरेदीखताचा मसुदा आणि मुखत्यारपत्राचा नमुना मोबाईलवर पाठवला. सही करून नोटरीपुढे पक्के करून धाडायचे, एवढेच आमचे काम. दादांची बाजू खोटी नव्हती. कांद्याने सलग तीन वर्षे रडवले होते. चारही बाजूंच्या जमिनी आधीच गेल्या होत्या. मोटारींचे कारखाने चाकणात केव्हाच आले होते. दादांची दोन्ही मुले तिथेच नोकरीला, आणि त्यांच्या चाळीत राहायला कर्नाटकातली मुले. बांधावरून बैल न्यायला वाट उरली नव्हती, आणि बैलही उरले नव्हते. आम्ही वीस वर्षांत त्या शेतात वीस दिवसही राबलो नव्हतो. तिथे नांगर धरणाऱ्या माणसाला, दूर बसून पगार खाणाऱ्याने 'विकू नका' म्हणावे, हे आम्हांला शोभले नसते. तरी सही होईना. कागद टेबलावर राहिला.

त्यात एक दुसरा कागद येऊन पडला. पुढल्या वर्षीच्या बदल्यांसाठी खात्याने पसंती मागवल्या होत्या. पुण्यात जागा होती. चार वर्षांपूर्वी हा कागद आला असता तर आम्ही शाई वाळण्याची वाटही पाहिली नसती. आता मनात येऊ लागले की, पुण्याला जायचे ते कशासाठी? गावाजवळ राहावे म्हणून. आणि ज्या वर्षी आम्ही जवळ जाणार त्याच वर्षी तिथे जायला काही उरणार नाही.

आम्ही हे यजमानांपाशी बोललो. त्यांनी होय-नाही काही म्हटले नाही. 'रविवारी सकाळी माझ्याबरोबर या,' एवढेच म्हणाले. तो त्यांच्या मुनेश्वराच्या वार्षिक पूजेचा दिवस होता.

यजमानांची दोन एकर तीस गुंठे जमीन त्यांच्या वडिलांच्या हयातीत औद्योगिक वसाहतीसाठी संपादन झाली. रागीच्या ओळींत अवरे लावायचे, कडेला तुतीची झाडे, आणि बांधावर पिंपळाखाली मुनेश्वराचा शेंदरी दगड. जमीन आज एका कारखान्याच्या आवारात आहे. कारखानदारांनी पिंपळ तोडला नाही, दगडाभोवती कठडाही बांधून दिला. ही सज्जनता मान्य केली पाहिजे. वर्षातून एकदा यजमान सहकुटुंब पूजेला जातात. आम्ही गेलो तेव्हा दारावर रखवालदार होता, बिहारकडचा, पंचविशीतला. त्याने आम्हांला हिंदीत नाव विचारले, आम्ही हिंदीत सांगितले, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. मग त्याने नोंदवही यजमानांपुढे सरकवली. नाव, वेळ, काम, आणि 'कोठून आलात' असा रकाना. यजमानांनी कानडीत सावकाश लिहिले, बोम्मसंद्रा. रखवालदाराने सोबतच्या मुलाकडून ते वाचून घेतले आणि अदबीने म्हणाला, 'बाबा, बोम्मसंद्रा तो यही है। गाँव का नाम लिखिए, जहाँ से आए हैं।'

त्याचे काही चुकले नव्हते. त्याला कोणी शिकवले असेल तेच तो विचारीत होता. यजमानांना हिंदी कळत होती. आमच्यापाशीच शिकले होते. त्यांनी वहीत त्या शब्दाखाली तोच शब्द पुन्हा एकदा लिहिला आणि लेखणी खाली ठेवली. 'इदे नम्म ऊरु,' हेच आमचे गाव, असे ते कोणालाच न उद्देशून म्हणाले आणि आत गेले.

पूजा साधीच झाली. नारळ, कोंबडे, कापूर. पलीकडे यंत्राचा एकसुरी आवाज चालू होता. यजमानांनी सांगितले की त्या यंत्रघराच्या खाली त्यांची विहीर आहे. 'आहे' असे म्हणाले, 'होती' असे नाही. परतताना त्यांनी आमच्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते आमच्या अपेक्षेप्रमाणे नव्हते. जमीन गेल्याचे आपल्याला दुःख नाही, असे ते म्हणाले. रागीने मुलांची फी भरली नसती, पाऊस हुकला की वडील सावकाराकडे जात ते त्यांनी पाहिले होते. भाड्याच्या पैशावर नातवंडे शिकत आहेत. 'विका, सार,' ते म्हणाले. 'तुमच्या अण्णांना त्रास देऊ नका. पण वडिलांनी एक गोष्ट केली नाही ती तुम्ही करा. देवाची वाट कागदावर लिहून घ्या. आज या कारखान्याचा मालक भला आहे. उद्या तो विकेल. नव्या मालकाला मी काय दाखवू? ही वही?'

त्या रात्री आम्ही मसुदा पुन्हा उघडला. खरेदीखतात जमिनीच्या चारही दिशांना काय आहे ते लिहावे लागते. आपण त्याला चतुःसीमा म्हणतो, यजमान 'चक्कुबंदि' म्हणतात. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस तमुक कंपनी, उत्तरेस रस्ता. दक्षिणेस ओढा, आणि ओढ्याच्या कडेला, आमच्याच हद्दीत, लिंबाखाली म्हसोबा. मसुद्यात ओढा होता, म्हसोबा नव्हता. वकिलाच्या दृष्टीने दगडाला नंबर नसतो. आम्ही दादांना लिहिले की आमची सही तयार आहे. मात्र रस्त्यापासून म्हसोबापर्यंत सात फूट रुंदीची जाण्या-येण्याची वहिवाट आणि पूजेचा हक्क, विकणाऱ्यांच्या वारसांसह, खरेदीदाराच्या आणि त्याच्यामागून येणाऱ्यांच्या माथी कायम राहील, असे कलम घालावे. वाक्यरचना करताना सरकारी नोकरीतली पंचवीस वर्षे प्रथमच घरच्या उपयोगी पडली. दादा प्रथम रागावले. एवढ्यासाठी गिऱ्हाईक जाईल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला आणि आवाज निराळा होता. त्यांनी वहिनींना कलम वाचून दाखवले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, सात फुटांत ट्रॅक्टर बसणार नाही, जत्रेला बाया-पोरे ट्रॉलीतून जातात, नऊ लिहा.

बदलीच्या पसंतीचा कागद आम्ही पुणे लिहून पाठवला आहे. हुकूम येईल तेव्हा येईल. स्वग्रामाच्या रकान्याला हात लावलेला नाही. गिऱ्हाईक नऊ फुटांना तयार झाले, पण पूजेचा हक्क वर्षातून एकच दिवस असावा असे त्याचे म्हणणे. दादा अमावास्या मागत आहेत. वकिलांची पत्रे जात-येत आहेत. संध्याकाळी कचेरीतून परतलो की ओट्यावरून यजमान विचारतात, 'एनायितु?' काय झाले? आम्ही म्हणतो, 'इन्नू इल्ल.' अजून नाही. मग ते बाजूला सरकून बसायला जागा करतात, आणि एकच दिवस की बाराही अमावास्या यावर आमचा खल नव्याने सुरू होतो. यजमानांचे मत ठाम आहे. नवरात्रही मागून ठेवावे, म्हणतात. सौद्यात थोडे जास्त मागितल्याशिवाय हवे तेवढे मिळत नाही.